बटन टायर

कमळाकरने किक मारली आणि किक उलटी आली. नडगीवर लोखंड बसलं तसा तो अंगणातल्या चिखलात एका पायावर नाचला, आणि मग ज्या पायाला लागलं होतं त्याच पायाने त्याने गाडीच्या टाकीला लाथ घातली. अशा माणसाला काय म्हणावं ते ज्याचं त्याने ठरवावं. गाडी स्टँडवरून कलंडून ओट्याच्या खांबाला टेकली. टाकीवर आधीच पोचे होते, त्यात आणखी एक पडला.

"फोड, अजून फोड," ओट्यावरून दत्तात्रेय म्हणाला. कमळाकरचा हा थोरला भाऊ मिश्री लावत उकिडवा बसला होता. "गाडीला लाथ मारून गाडी कुठं जाते ते मना बघायचंय."

कमळाकरची बायको पुतळी डबा घेऊन दारात उभी होती. तिने दिराकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही पाहिलं नाही. तिने गाडी खांबापासून सरळ केली, पदराने सीट पुसलं आणि डबा हँडलला अडकवला. पुढच्या किकेला गाडी खोकली, निळा धूर सोडला आणि लागली.

बाप लवकर गेला आणि दत्तात्रेयने धाकट्याला वाढवलं, हे गावात सगळे सांगत. काय देऊन वाढवलं ते कमळाकरच्या पाठीला विचारावं. निरगुडीची काठी, मिठागरातलं फावड्याचं दांडकं, कधी नुसता हात. कमळाकरचं लग्न झालं तरी दत्तात्रेयचा हात थांबला नव्हता. मागच्या होळीला भर अंगणात, पुतळीच्या देखत, त्याने धाकट्याच्या मुस्काटात दिली होती. त्या दिवसापासून कमळाकरच्या डोक्यात एकच होतं. रोह्याला खोली घ्यायची, पुतळीला न्यायचं आणि या घराकडे तोंड करून पाणीसुद्धा प्यायचं नाही.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत तो ठेकेदाराकडे होता. गुणाजी नावाचा मुकादम त्यांना हाकायचा. आषाढ संपता संपता कंपनी ठेक्यावरच्या चारदोन माणसांना स्वतःच्या कामावर घेणार होती, आणि गुणाजीने कमळाकरचं नाव धरलं होतं. अट एकच, भोंगा व्हायच्या आत फाटकात. कायम झाला की रोह्याची खोली, आणि खोली झाली की दत्तात्रेयच्या हाताच्या पल्ल्याबाहेर. सगळा जीव त्या गाडीवर होता, आणि गाडी अशी.

गाव खाडीच्या काठाला. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात, आणि मधे मातीचा बांध. गावातून वडखळच्या डांबरी रस्त्याला जायचं तर त्या बांधावरूनच. बांध फुटला तर वर्षाचं भात तर जातंच, पण जमिनीत मीठ बसतं आणि पुढची दोनतीन वर्षं तिथे लव्हाळ्याशिवाय काही उगवत नाही. म्हणून बांधामागे ज्यांची शेतं, त्या सगळ्या घरांचा मिळून एक जोळ. घरटी एक माणूस बांधाच्या कामाला, आणि जोळाचा कारभारी म्हणेल तो कायदा. कारभारी होता दत्तात्रेय. आणि जोळाचा सगळ्यात जुना कायदा असा की मृग लागला की बांधावर चाक चढवायचं नाही. सायकली, गाड्या, सगळं डांबराच्या तोंडाशी महिपतीच्या गॅरेजमागच्या छपरात ठेवायचं आणि वहाणा हातात घेऊन अनवाणी चालायचं. नवरदेव असला तरी चालायचं. आजाऱ्याला डोलीतून न्यायचं. पावसात भिजलेला बांध माणसाच्या तळव्याने घट्ट होतो आणि चाकाने फाटतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक.

कमळाकरने आदल्या पावसाळ्यात गाडी छपरात ठेवून पाहिली होती. कुणीतरी पेट्रोल काढून नेलं, झाकण उघडं टाकलं, टाकीत पावसाचं पाणी गेलं आणि आतून गंज धरला. तेव्हापासून त्याचं मन छपरावरून उडालं. या वर्षी गाडी अंगणात होती, आणि रोज झुंजूमुंजूला, बांधावर कुणी नसताना, तो ती बांधावरून काढत होता. मागचा टायर पार टकला झाला होता. चिखलात गाडी आडवी व्हायची, कमळाकर पाय सोडून सावरायचा, गुडघे फुटायचे. तरी जायचा. टकल्या टायरची रेघ पावसात पुसली जायची, म्हणून दत्तात्रेय बघून न बघितल्यासारखं करायचा.

त्या दिवशी वडखळ गेलं, नागोठणं गेलं आणि खिंडीच्या चढाला गाडीने तोंड वाकडं केलं. आधी दोन आचके, मग फट् करून एक बार, मग गप्प. हे दुखणं महिनाभराचं होतं. थंड गाडी झकास पळायची आणि खिंडीशी येऊन मरायची. त्याने प्लग बदलला होता, पॉइंट घासले होते, कार्बुरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकला होता. पेट्रोलची चव आठवडाभर जिभेवर राहिली, दुखणं तिथेच.

पाऊस तिरपा लागत होता. अंगावरचं मेणकापड फाटून हातात आलं. कमळाकरने किक मारली, पुन्हा मारली, मारतच राहिला. नडगीची जखम उघडून रक्त वहाणेत उतरलं. तिकडे भोंग्याची वेळ जवळ येत होती. मग त्याने रस्त्याच्या कडेचा धोंडा उचलला आणि आईबहिणीवरून शिव्या देत टाकीवर घातला. दुसरा घाव झाकणावर बसला. झाकण वाकलं, उचकटलं, फुस्स करून हवा आत शिरली आणि पुढच्या किकेला गाडी लागली.

मारलं की चालतं, हा धडा त्या घरात नवा नव्हता. कमळाकर वाकडं झाकण एका हाताने दाबून धरत रोह्यापर्यंत गेला.

भोंगा संपता संपता तो फाटकाशी पोचला. गुणाजी छत्री घेऊन उभाच होता. रांगेतल्या सगळ्यांच्या देखत त्याने कमळाकरच्या कानाखाली आवाज काढला, छत्रीतलं पाणी झटकावं इतक्या सहज.

"तुझं नाव मी घेतलंय वर," तो म्हणाला. "तुझ्यापायी माझं तोंड काळं व्हायला नको. आता परत उशीर केलास तर फाटकाशी येऊच नको. समजलं?"

"व्हय," कमळाकर म्हणाला.

दिवसभर त्याने पिंपं उतरवली. एक पिंप गळकं होतं, मनगटावर थेंब उडाला आणि कातडी पांढरी पडून सोलवटली. त्याने नळाखाली हात धरला. कान अजून गरम होता. गुणाजीचा राग आला नाही असं नाही, पण तो राग गुणाजीकडे जायचा रस्ता नव्हता. असा राग माणूस घरी घेऊन जातो.

परतताना तो महिपतीच्या गॅरेजला थांबला. महिपती जाडा, चिडका, तोंडात कायम तंबाखू. वाकडं झाकण हातात घेऊन त्याने उलटसुलट केलं, एक खिळा घेतला आणि झाकणाच्या मधलं भोक कोरलं. वाळलेल्या चिखलाचा खडा खाली पडला.

"हे हवेचं भोक. बुजलं का टाकीत हवा जात नाय, पेट्रोल खाली उतरत नाय. चिखल कुठनं येतो हितपर्यंत? गाडी चालवतोस का नांगर?"

"टायर बघ मागचा," कमळाकर म्हणाला.

महिपतीने बोट फिरवलं. रबरातून सूत दिसत होतं. वर खुंटीला टायर टांगलेले होते, त्यातले दोन त्याने खाली घेतले. एक उभ्या लाइनीचा, दुसऱ्यावर अंगठ्याएवढ्या रबरी गाठी, चारी बाजूंनी सुट्या. त्याला सगळे बटन टायर म्हणत.

"तुझा रस्ता डांबराचा. तुना लाइनीचा पायजे. ओल्या डांबरावर पानी कापतो, खिंडीत ब्रेक मारलास तर जाग्यावर उभा राहशील. हवा जरा कमी ठेव, गाडी माझ्याकडं ठेव, बांध चालत जा. दोन सालं बघायला नको."

"आनि बटन?"

"बटन खानीवाल्यांना, वीटभट्टीवाल्यांना. चिखलात रुततो नि उपटून काढतो. डांबरावर घों घों करंल, झिजंल, वळनावर पाय सुटंल." महिपतीने तंबाखू थुंकली. "तू बांधावरनं घालतोस का काय गाडी?"

"तू टायर इक. कारभारी हायेस का तू?"

"माझं पन शेत हाय त्या बांधाच्या मागं."

"मग रोह्याला जाऊन माझी हजेरी लाव."

महिपती उठला. क्षणभर वाटलं की तो हातातली टायर काढायची पट्टी कमळाकरच्या डोक्यात घालतो. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्याने शिव्या पुटपुटत जुना टायर रिमवरून उपटला आणि बटन टायर चढवला. पंक्चर झालं तर असावी म्हणून कमळाकरने टायर उचकटायची लोखंडी लिव्हरही मागून घेतली आणि सीटखालच्या पिशवीत टाकली. हातभर लांब, एका टोकाला चपटी.

बटन टायर चढला आणि कमळाकरला पहिल्यांदा जग आपल्या बाजूचं वाटलं. बांधावर गाडी घसरेना. गाठी चिखलात रुतायच्या, चिखल उचकटून मागे फेकायच्या आणि गाडी रेड्यासारखी पुढे व्हायची. वळणावर, जिथे बांध खाडीकडे पोट काढतो, तिथे पूर्वी तो उतरून ढकलायचा. आता तिथेच तो जोर धरायचा. झाकणाचं भोक रोज खिळ्याने साफ करायचा, खिंड एका दमात चढायची, भोंग्याआधी फाटकात. गुणाजीने एकदा बिडी दिली. कमळाकरला आनंद झाला, फार झाला. रोह्याची खोली त्याला दिसायला लागली, तिच्या खिडकीसकट.

बांधाच्या माथ्यावर मात्र त्याच्या मागे चाकोरी पडत होती. साध्या टायरची चाकोरी रेघ असते, हिच्यात ओळीने खळगे होते आणि प्रत्येक खळग्यात पाणी. पहिल्या दिवशी दत्तात्रेयने ती पाहिली आणि संध्याकाळी धाकट्याला अंगणात अडवलं.

"चाक बांधावर घालू नको, कमल्या. भाऊ सांगतोय असं समज, नायतर कारभाऱ्याचं ऐक. घालू नको."

"नोकरी गेली तर तू देशील?"

"शेत हाय."

"शेत तुझं हाय. मना तिथं मार मिळालाय, बाकी काय नाय."

दत्तात्रेयचा हात वर गेला. या वेळी कमळाकर हटला नाही, आणि हात तसाच खाली आला. खाली आलेला हात त्याला जास्त झोंबला असावा, कारण तो वळून थेट गोठ्यात गेला आणि बैलाला विनाकारण दोन ठेवून दिल्या.

त्यानंतर रोज दिवस उजाडला, गाडी गेली की तो घमेलं आणि फावडं घेऊन बांधावर जायचा. खाडीच्या अंगाची चिकण माती काढायची, खळग्याखळग्यात भरायची, तळव्याने दाबायची, वर गवताचं ढेकूळ बसवायचं. गाव बघत होतं. कारभाऱ्याच्या घरचंच चाक बांधावर चढतं आणि कारभारीच पाय घासत ते बुजवतो, हे बघून लोक तोंड फिरवून हसत होते. जोळाच्या बैठकीत एकाने विचारलं, आमच्या सायकली पण चढवू का? दत्तात्रेय उठला आणि घमेलं घेऊन बांधाकडे निघाला.

"भावजी रोज चिखलात बसतात," पुतळी जेवण वाढताना म्हणाली. "तुमच्या चाकाच्या मागं. सगला गाव बघतो."

"बसू दे."

"कृष्णाबाई आज पान्यावर माझ्याशी बोलली नाय."

कृष्णाबाई म्हणजे दत्तात्रेयची बायको. कमळाकरने ताट सरकवलं. "चार दिवस थांब गो. मग तुझ्या कृष्णाबाईचं पानी नि तुझं पानी येगलं."

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी पावसाने जोर धरला. लावणी झाली होती, भाताची आवणं मुळं धरत होती. कमळाकर कामावरून आला तो खुशीत होता. उद्या कंपनीचा डॉक्टर तपासणार, आणि तपासणीत पास झाला की परवापासून कंपनीचा माणूस. तो डबा काढत होता तेवढ्यात दत्तात्रेय गोठ्यामागून आला. हातात कोयता होता.

पुतळीला वाटलं, माणसावर जातोय. ती मधे धावली. दत्तात्रेयने तिला खांद्याने बाजूला केलं, गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि कोयत्याचं टोक बटन टायरच्या कुशीत खुपसलं. हवा सुटली. त्याने कोयता फिरवून वर ओढला, डुक्कर सोलताना फिरवतात तसा.

"उद्या उधान हाय," तो म्हणाला. "उद्या तरी चालत जा."

कमळाकरने त्याला धक्का दिला. मोठ्या भावाला हात लावायची ही त्याची पहिली वेळ, आणि तिच्यात इतक्या वर्षांचा जोर होता. दत्तात्रेय मागच्या मागे ओट्याच्या दगडी पायरीवर गेला. उजवा हात खाली आला आणि मनगटातून कट् असा आवाज आला. तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून पायरीवर बसून राहिला. कृष्णाबाई बाहेर आली, तिने बघितलं, आत जाऊन हळद आणि चुना घेऊन आली. जाताना पुतळीच्या अंगावर थुंकली.

कमळाकरने चाक काढलं. ओट्यावर कंदील ठेवून नवरा-बायको टायर जोडायला बसली. पुतळीने दोन्ही पायांनी रिम दाबून धरलं, कमळाकरने लिव्हरने टायर उचकटला. ट्यूबला ठिगळ चिकटवलं, फाटलेल्या कुशीला आतून जुन्या टायरचा जाड तुकडा लावून तारेने शिवला आणि हातपंपाने हवा भरली.

"उद्या चालत गेलात तर काय होईल?" पुतळीने विचारलं.

"उशीर होईल."

"लवकर निघा."

"ह्यो म्हनतो म्हनून नाय जानार," कमळाकर म्हणाला. खरं कारण हेच होतं, आणि ते त्याच्या तोंडून गेलं. पुतळीने रिमवरचा पाय काढला, मग पुन्हा ठेवला.

सकाळी तो गाडीवरूनच गेला. वळणावर शिवलेला टायर फरफटला, त्याने जोर धरला, गाठींनी बांधाचं तोंड उपटून काढलं आणि गाडी पार झाली. त्या दिवशी चाकोरी कुणी बुजवली नाही. दत्तात्रेयचं मनगट भोपळ्यासारखं सुजलं होतं, फावडं धरता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला सांगायची त्याला लाज वाटली. आपल्या घरची घाण दुसऱ्याकडून कशी काढून घ्यायची?

रोह्याला डॉक्टरने कमळाकरची छाती ठोकली, जीभ बघितली आणि ठीक आहे म्हणाला. गुणाजीने स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. "आता घरी जा," तो म्हणाला. "उद्यापासून कंपनीचे कपडे मिळतील." कमळाकर परत निघाला तेव्हा पाऊस जरा थांबला होता. निडीच्या फाटकाशी आगगाडीसाठी उभं राहावं लागलं, तर तिथे तो अनोळखी माणसाशी हसून बोलला. पुतळीला कसं सांगायचं ते तो वाटभर ठरवत होता. दत्तात्रेयला सांगायचंच नाही, नुसतं सामान बांधायला घ्यायचं, असं त्याने ठरवलं.

महिपतीच्या गॅरेजला कुणी नव्हतं. दार सताड उघडं, हत्यारं जमिनीवर. कमळाकरने गाडी बांधावर चढवली.

लोक त्याला लांबून दिसले. वळणावर बांधाला खांड पडली होती. दुपारच्या भरतीचं पाणी वर आलं, चाकोरीतून एक धार आत शिरली, धारेने खेकड्यांची बिळं उघडी केली, आणि बघता बघता माथा खचला. माणसाने ताणून उडी मारावी इतकी रुंद फट, आणि तिच्यातून खाडीचं लाल पाणी भातात पडत होतं. सगळा गाव तिथे होता. डांबराच्या बाजूची माती चिकण, म्हणून बायका इकडे खणून घमेली भरत होत्या, त्यांत पुतळी होती, कमरेपर्यंत चिखलाने माखलेली. पुरुषांनी खांडीत मेखा ठोकल्या होत्या आणि मेखांना पाठ लावून चारपाच जण छातीभर पाण्यात उभे होते, महिपतीही त्यांत. त्यांच्या मागे माती आणि पेंढ्याच्या गोण्या पडत होत्या. मधल्या मेखेला पाठ लावून दत्तात्रेय उभा होता. सुजलेला हात त्याने पाण्याबाहेर डोक्यावर धरला होता. गोण्या पाण्याच्या वर दिसायला लागल्या होत्या, म्हणजे खांड बुजत आली होती.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

दत्तात्रेयने मान वळवली. बांधावरून, चिखल उडवत, तेच चाक येताना त्याने पाहिलं. तो मेखेपासून सुटला. शेजारच्याने त्याला दंडाला धरून ओढलं, तरी तो बाहेर आला. वर येऊन त्याने डाव्या हाताने फावड्याचा दांडा उचलला आणि कमळाकर गाडीवरून उतरायच्या आत त्याच्या खांद्यावर घातला. दुसरा मानेवर. गाडी आडवी पडली आणि कमळाकरचा पाय तिच्याखाली सापडला. तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटला, कातडी चरचरली. दत्तात्रेय मारत होता. नुसता श्वास आणि दांडा.

मग बाकीचेही आले. एक आला, दुसरा आला, पाण्यातले वर चढले. कुणी बरगडीत लाथ घातली, कुणी तोंडावर. महिपतीही मारत होता. मारायला मिळालं तर कुणाला नको असतं, आणि त्या दिवशी प्रत्येकाजवळ कारण होतं, खरं कारण होतं. कमळाकरच्या तोंडात चिखल आणि दात एक झाले. त्याचा हात सीटखालच्या पिशवीत गेला आणि त्याला लिव्हर लागली. त्याने डोळे मिटूनच ती फिरवली.

दांडा थांबला. दत्तात्रेय त्याच्यासमोर खाली बसला, जेवायला बसतात तसा मांडी घालून, आणि मग कुशीवर झाला. कानाच्या वर फुटलं होतं. कानातूनही रक्त येत होतं, पातळ.

कुणी काही बोलायच्या आत मागे मोठा आवाज झाला. मेखा उपटल्या होत्या. त्यांना पाठ लावायला कुणी उरलंच नव्हतं. गोण्या गेल्या, पेंढा गेला, बांधाचा बैलगाडीएवढा तुकडा गेला आणि खाडी आत शिरली. एक बिडी ओढून व्हावी एवढा वेळ थांबलो असतो तर बांध राहिला असता, असं पुढे त्याच माणसांनी सांगितलं. त्या वेळी ते नुसते उभे राहून बघत होते. हिरवी आवणं पाण्याखाली जात होती, एका शेतामागून दुसरं, घाई न करता.

"ही गाडी टाका आत," कुणीतरी म्हणालं. "ह्याला पन टाका." दोघांनी गाडीला हात घातलाही.

पुतळी दत्तात्रेयच्या डोक्याशी बसली होती. ती उठली आणि गाडीवर आडवी पडली.

"टाका," ती म्हणाली. "मना पन टाका. मग भावजींना पेनच्या दवाखान्यात कोन नेनार? डोलीत घालून? ह्या चिखलातनं? मानूस जाईल वाटेत. कोन नेनार ते सांगा आनि टाका."

ज्या हातांनी गाडी ओढली होती त्याच हातांनी ती उभी केली आणि तोंड वडखळकडे फिरवलं. कमळाकर उठला. एक डोळा बंद झाला होता. त्याने किक मारली, लागेना. पुतळीने प्लगची टोपी काढून पदराने पुसली, झाकणाच्या भोकातला चिखल केसातल्या आकड्याने कोरला. चौथ्या-पाचव्या किकेला गाडी लागली.

महिपतीने आणि आणखी दोघांनी दत्तात्रेयला उचलून मागे बसवलं. तो बसेना, मान लटकत होती. पुतळीने लुगड्याचा पदर टरकन फाडला, दत्तात्रेयचे दोन्ही हात कमळाकरच्या कमरेभोवती घेऊन पोटावर बांधले. सुजलेल्या मनगटाला गाठ बसली तेव्हा दत्तात्रेयने डोळे उघडले. इंजिनाचा आवाज त्याला ऐकू आला असावा.

"बांधावरनं नको," तो म्हणाला.

"आता कसला बांध, दादा," कमळाकर म्हणाला आणि त्याला रडू आलं. त्याने गिअर टाकला.

बटन टायर चिखलात रुतला आणि सुटला. गाडी निघाली. दत्तात्रेयचं डोकं कमळाकरच्या पाठीवर आपटत होतं, पाठ गरम होत चालली होती. आणि मग कमळाकरला कळलं की पोटावर बांधलेला डावा हात हलतोय. दत्तात्रेय मारत होता. मूठ वळत नव्हती, जोर नव्हता, नुसता तळवा उठायचा आणि पोटावर पडायचा. थांब म्हणत होता. उतर म्हणत होता. बांधावरून चाक काढ म्हणत होता.

"मार," कमळाकर म्हणाला. "मार, दादा. मारत राहा."

हात मारत होता तोवर माणूस होता, एवढंच त्याला समजत होतं. जन्मात पहिल्यांदा त्याला त्या हाताची भीती नव्हती, तो हात हवा होता. बांध संपला. वडखळच्या नाक्यावर ट्रकवाल्यांनी रक्त बघून वाट दिली. डांबरावर टायर घों घों करायला लागला, शिवलेली कूस धडधडत होती, वळणावर गाडी सरकली आणि सावरली. हात पडत होता. मधे बराच वेळ नाही पडला, मग एकदा पडला. कमळाकर मोठ्याने बोलत होता, मनाला येईल ते. मी जात नाय रोह्याला, म्हणत होता. मी हाय घरात, तू मार.

पेणची घरं दिसायला लागली तेव्हा हात थांबला होता. कमळाकरने गाडीचा वेग कमी केला नाही. क्लचवरचा डावा हात त्याने सोडला, पोटावरचा दादाचा हात मनगटाला धरून उचलला आणि स्वतःच्या पोटावर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. दवाखान्याच्या दारात लोकांनी पदराची गाठ सोडायला घेतली तरी तो आपटतच होता.